वजा साडेतीन तास

मीठघड्याळाच्या पडद्यावर वजा आकडा आला, तेव्हा समीना तांबोळीने सगळ्यात आधी यंत्राच्या पाठीत एक थाप मारली. एवढं मोठं यंत्र, त्याला वेगळी थंडगार खोली, त्याच्या नावाने दर महिन्याला एक परिपत्रक. पण बिघडलं की थाप, ही आपली दुरुस्ती काही बदलत नाही. थाप खाऊनही आकडा जागचा हलला नाही. वजा तीन तास तीस मिनिटं.

"केतकी, इकडे ये गं. गंमत बघ," समीना म्हणाली. "या बाईचा पंचनामा आधी झालाय आणि ती मेलीय नंतर."

केतकी वाघचौरे खुर्ची सरकवत आली. दोघी जिल्ह्याच्या मृत्यू-अन्वेषण कक्षात अधिकारी होत्या. एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या, रोज एकमेकींच्या डब्यात हात घालणाऱ्या.

"आगाऊ आरक्षण केलं असेल," केतकी म्हणाली आणि दोघी हसल्या. मग केतकीची नजर बरणीवरच्या चिठ्ठीकडे गेली. धामणखेड पोलीस ठाणे, अकस्मात मृत्यू क्रमांक एकेचाळीस, साल तेवीस वर्षांपूर्वीचं.

तिचं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं. दहावीचा बैठक क्रमांक ती केव्हाच विसरली होती, पण हा क्रमांक तिला पाठ होता.

"समे," ती म्हणाली, "ही माझी आई आहे."

आता हे मीठघड्याळ म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

माणूस मरतो तो एका क्षणी. हृदय थांबतं, श्वास थांबतो, डॉक्टर हातातलं मनगट खाली ठेवतात. पण शरीरातल्या पेशींना ही बातमी एकदम कळत नाही. यकृतातल्या पेशी तर पुढे कित्येक तास कामावरच असतात. पेशीच्या आत जनुकं असतात आणि ती दिवसभर कामाच्या चिठ्ठ्या काढत असतात, अमुक प्रथिन बनवा, तमुक थांबवा. माणूस गेला की काही चिठ्ठ्या हळूहळू बंद पडतात, काही भलत्याच वाढतात, आणि आईच्या पोटात असताना वापरलेली, नंतर जन्मभर झोपलेली काही जनुकं चक्क जागी होतात. वरून बघणाऱ्याला हा गोंधळ वाटेल, पण तो ठरलेल्या क्रमाने होतो. कुठल्या चिठ्ठ्या किती साठल्या ते मोजलं, की मरून किती मिनिटं झाली ते सांगता येतं.

अडचण एकच होती, त्याला ताजं प्रेत लागायचं. मग दोन संशोधकांच्या डोक्यात एक अगदी साधी गोष्ट आली. आपल्याकडे संशयास्पद मृत्यू असला की शवविच्छेदनात यकृताचे, मूत्रपिंडाचे तुकडे काढून तपासणीसाठी बरणीत भरतात, आणि ते ठेवतात मिठाच्या पाण्यात. पाणी असं, की वर आणखी चिमूटभर मीठ टाकलं तर विरघळणार नाही. हे मीठ पेशीतलं पाणी ओढून घेतं आणि पेशीचं काम आहे तिथे थांबतं. लोणच्यातली फोड कशी वर्षभर तशीच राहते, तसंच. म्हणजे मरण आणि मीठ यांच्या मधली मिनिटं त्या बरणीत बंद होऊन पडली होती. मीठ किती वाजता घातलं हे दवाखान्याच्या वहीत लिहिलेलं असतंच. वजाबाकी केली की मरणाची वेळ हातात. चूक झालीच तर बारा मिनिटांची.

आणि बरण्या होत्या का? होत्या की! प्रकरण संपलं की त्या नष्ट करायच्या असा नियम होता, पण नष्ट करण्याच्या आदेशावर तीन साहेबांच्या सह्या लागत आणि तीन साहेब एका वेळी जागेवर सापडत नसत. त्यामुळे वर्षानुवर्षांच्या हजारो बरण्या गोदामात धूळ खात उभ्या होत्या. मीठघड्याळ आलं आणि सरकारने हुकूम काढला, सगळ्या जुन्या अकस्मात मृत्यूंच्या वेळा पंचनाम्यांशी ताडून बघा.

मग काय! निवृत्त पोलिसांच्या तोंडचं पाणी पळालं. जिल्ह्यातली निम्मी माणसं पोलिसांच्या सोयीच्या वेळी मेली होती, जेवण उरकल्यावर आणि चहाच्या आधी. कुणाचं मरण रात्रीचं, तर पंचनाम्यात सकाळचं. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी होती. आधी मरण, मग पंचनामा. उलटं कधीच झालं नव्हतं.

एकेचाळीस नंबरच्या बरणीत मीठ पडलं होतं संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी. घड्याळ म्हणत होतं, तेव्हा मरून तीन तास पंचवीस मिनिटं झाली होती. म्हणजे मरण दुपारी तीन चाळीसला. आणि मरणोत्तर पंचनाम्यावर वेळ होती दुपारी बारा वाजून दहा मिनिटं, म्हणजे मरणाच्या साडेतीन तास आधीची.

"यंत्रच बिघडलंय," समीना म्हणाली, पण तिचा आवाज मऊ झाला होता. "यादी परवा वर पाठवायचीय. 'नमुना खराब' असा शेरा मारला की नव्या हुकमाप्रमाणे बरणी सह्यांशिवाय लगेच नष्ट व्हायला जाईल. नाहीतर रीतसर चौकशी लागेल. तू सांगशील तसं करू."

"मला तुपेकाकांना विचारू दे," केतकी म्हणाली.

तो पंचनामा तुपेकाकांनीच लिहिला होता.

केतकीची आई रंजना धामणखेडला ब्लाउज शिवायची. केतकी सहा वर्षांची असताना वडील तापाने गेले आणि मायलेकी दोघीच उरल्या. एप्रिलमधल्या एका सकाळी, पोरगी शाळेत असताना, रंजना शिवलेले कपडे पोचवायला बाहेर पडली ती परत आलीच नाही. गावाबाहेर दगडाची जुनी खाण होती, तिच्या तळाशी ती सापडली. नवऱ्याच्या दुःखाने कड्यावरून उडी मारली, असं ठरलं. कागदावर आत्महत्या लागली.

केतकीला वाढवलं विमलमावशीने, रंजनाच्या थोरल्या बहिणीने. खाऊपिऊ घातलं, शिकवलं, पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. फक्त बहिणीला तिने कधी माफ केलं नाही. रंजनाचा फोटो तिने माळ्यावर टाकून दिला होता. "नऊ वर्षांचं लेकरू टाकून जाणाऱ्या बाईला मी हार घालू?" एवढं बोलून ती विषय तोडायची. केतकीही मोठी होता होता तेच समजून बसली. आईला आपण नकोसे झालो होतो, एवढं तिला कळलं होतं आणि ते तिने गिळलं होतं.

आणि जनार्दन तुपे, धामणखेडचे त्या वेळचे सहायक निरीक्षक, तेराव्याला दप्तर घेऊन दारात उभे राहिले. मग दर जूनला वह्या आल्या, दर दिवाळीला फ्रॉक आला. बारावीला पोरीने पोलिसात जायचं नाव काढलं तेव्हा मावशीने डोक्यावर हात मारून घेतला, पण काकांनी पहाटे उठवून तिला मैदानावर पळवलं. तिच्या पहिल्या प्रेताच्या वेळी ते रजा काढून आले होते, ती उलटी करून आली तेव्हा पाण्याची बाटली घेऊन झाडाखाली उभे होते.

"प्रेताजवळ खाली बसायचं," काका शिकवायचे. "उभ्याने काही दिसत नाही. हात लावून बघायचं. पेन नंतर काढायचं. खुर्चीत बसून लिहिलेला पंचनामा म्हणजे नुसत्या थापा, केतकी बाळा." अख्ख्या जिल्ह्यात केतकीइतका चोख पंचनामा कुणाचा नसे. लोक म्हणत, तुप्यांची चेली आहे, चुकायची नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्यांच्याकडे गेली. काका आता बासष्टीचे. काकू जाऊन पाच वर्षं झाली होती, हृदयाची दोन ऑपरेशनं झाली होती, तरी अंगणातल्या गवती चहाला पाणी ते स्वतः घालत. तिला बघून तोंडभर हसले, आत जाऊन आधण ठेवलं.

कप हातात घेऊन तिने सांगितलं. बरणी, क्रमांक, वजा आकडा.

काकांनी कप बशीत ठेवला. "मशीन चुकलंय," ते म्हणाले. "तेवीस वर्षं पडलेलं मीठ ते. त्याच्यावर कसला भरवसा ठेवतेस? नमुना खराब म्हणून लिहून मोकळी हो."

"मलाही तसंच वाटलं."

"वाटलं ना? मग झालं तर. कशाला ती जखम उकरून काढायची! बिस्किट घे."

तिने बिस्किट घेतलं. तिला खरंच हलकं वाटलं. काकांनी सांगितलं म्हणजे संपलं, असं तिचं आयुष्यभर चालत आलं होतं. ती निघाली, स्कूटर सुरू केली आणि पेट्रोलपंपाच्या चौकापर्यंत आली. तिथे सिग्नल हिरवा झाला तरी ती तशीच उभी राहिली. मागचे लोक भोंगे वाजवून शिव्या घालायला लागले.

काकांनी तिला वेळ विचारली नव्हती.

किती वाजता मेली म्हणतंय तुझं मशीन, एवढा साधा प्रश्न. कुणीही विचारला असता. पानवाल्याने विचारला असता. काकांनीच तर शिकवलं होतं, "ज्याला ठाऊक नसतं तो विचारतो. ज्याला ठाऊक असतं तो लगेच उत्तर देतो." काकांनी एकही प्रश्न विचारला नाही. नुसती उत्तरं दिली, आणि बिस्किट दिलं.

ती कक्षात परत आली. दुसरी बरणी मूत्रपिंडाची होती. समीनाने ती लावली. पन्नास मिनिटांनी आकडा आला. मरणाची वेळ, दुपारी तीन बेचाळीस.

"दोन्ही बरण्या एकच सांगतायत," समीना म्हणाली. "बिघाड असता तर आकडे इतके जुळले नसते गं."

"फाइल दे."

फाइल केतकीने पूर्वी एकदा उघडली होती, नोकरीला लागली त्याच वर्षी. काका सोबत होते. पंचनामा वाचून झाला आणि ती पान उलटायला लागली तेव्हा त्यांनी पानावर तळहात ठेवला होता. "पुढचं वाचू नकोस बाळा. लेकराने आईचं शवविच्छेदन वाचू नये." त्यांचे डोळे भरून आले होते. केवढा मायाळू माणूस, असं तिला तेव्हा वाटलं होतं आणि तिने फाइल मिटली होती.

आज तिने पान उलटलं. ताठरता नुकतीच सुरू. पाठीच्या कण्याला आणि ओटीपोटाला मार, आत रक्तस्राव. दोन्ही कोपरं आणि दोन्ही गुडघे खोलवर सोलवटलेले. हातांच्या सगळ्या नखांत माती आणि खडीचा चुरा. डॉक्टरने बघितलं तसं इमानदारीत लिहून ठेवलं होतं. पंचनाम्याशी ते कुणी ताडूनच बघितलं नव्हतं, कारण आत्महत्या आधीच ठरली होती.

पंचनामा सांगत होता, मयत कड्याच्या बरोबर खाली, उताणी, हात पसरलेले. सोबत एक फोटो होता, कॉन्स्टेबलने कड्यावरून मोबाइलने काढलेला. आई तशीच पडलेली दिसत होती, निळी साडी, उताणी. फोटोवर वेळ छापलेली होती, अकरा बावन्न. आईचा शेवटचा फोटो म्हणून याचीच एक प्रत केतकीकडे होती. कैक वेळा बघितलेला.

उताण्या पडलेल्या बाईची कोपरं अशी कशी सोलवटतील? गुडघे कसे सोलवटतील?

आणि मग तिला कळलं. या फोटोत आई जिवंत होती. पुढे जवळजवळ चार तास ती जिवंत होती.

"पाणी आण," ती समीनाला म्हणाली, आणि पाणी येईपर्यंत तिला रडू कोसळलं.

रडून झालं तशी ती उठली. "मी हे प्रकरण हाताळू शकत नाही. माझं माणूस आहे. आजपासून एकेचाळीस नंबर तुझा. उद्या यादीबरोबर खरा आकडा पाठव. पण त्याआधी तुपेंकडे चल. मी अधिकारी म्हणून येणार नाही, तिची मुलगी म्हणून येईन."

समीनाने तिच्याकडे नीट बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा केतकी त्यांना नुसतं 'तुपे' म्हणाली होती.

सकाळी दहाला दोघी त्यांच्या दारात होत्या. समीनाच्या हातात फाइल बघून काका दारातच थबकले. मग बाजूला झाले. चहाचं त्यांनी विचारलं नाही.

"वेळ तीन चाळीस," केतकी उभ्यानेच म्हणाली. "तुम्ही काल विचारली नव्हती, म्हणून सांगते."

काका पलंगावर बसले. चष्मा काढून पुसायला लागले.

"मंत्र्यांचा दौरा होता," ते शेवटी म्हणाले. "पुलाचं उद्घाटन. ठाण्यात गाडी एकच, तीही बंदोबस्तात. सव्वाअकराला एका धनगराचा फोन आला, खाणीत बाई पडलीय म्हणून. मी शिपायाला पाठवलं. तो वरून बघून आला, म्हणाला, गेली साहेब. फोटो दाखवला. खाली उतरायला त्याला तासभर लागला असता."

"आणि तुम्ही पंचनामा लिहिलात."

"सगळेच लिहायचे तसा! गाडी यायला पाच वाजणार, डॉक्टर सहाला जाणार. कागद तयार असला की प्रेत थेट उचलता येतं, नातेवाइकांची रात्र वाचते. ठाण्यासमोरचे दोघं ठरलेले पंच होते, पानवाला आणि मिठाईवाला. टेबलाशी बसून लिहिलं, त्यांनी सह्या केल्या. आम्हाला त्यात काही वाईट वाटायचं नाही गं. लोकांची सोय म्हणूनच करायचो."

"त्या धनगराला काय सांगितलंत?"

काकांनी मान खाली घातली. "हात लावू नकोस म्हणालो. पोलीस केस आहे, पंचनामा व्हायचाय."

टिपण घेणाऱ्या समीनाचं पेन थांबलं.

"दीडला त्याचा पुन्हा फोन आला," काका म्हणाले. आता ते थांबत नव्हते. "म्हणाला, साहेब, बाई हलतीय. मी म्हटलं, उन्हाच्या झळांनी तसं दिसतं. तुला काय कळतंय त्यातलं? खरं सांगतो केतकी, मला खोटं बोलायचं नव्हतं. पंचनामा झाला होता. सह्या झाल्या होत्या. टेबलावर माझ्यासमोर कागद होता आणि त्यात ती मयत होती. माझ्या डोक्यात दुसरं आलंच नाही."

"आणि पाच वाजता?"

"पाच वाजता खाली उतरलो. ती कड्याखाली नव्हती. पायवाट सुरू होते तिथे होती, पालथी. तीस-एक पावलांवर. मागे मातीत सगळी ओढल्याची खूण. हात लावला. अंग मऊ होतं."

"आणि तुम्ही कागद बदलला नाहीत."

"नोकरी गेली असती. बायको होती, घर होतं."

"माझं कोण होतं?" केतकी ओरडली. शेजारच्या घरातलं कुणीतरी खिडकीशी आलं, तरी तिला पर्वा नव्हती. "मी नऊ वर्षांची होते! मला तुम्ही दप्तर आणून दिलंत. दप्तर! तेवीस वर्षं मी समजत होते, आईला मी नको होते. तुम्हाला ठाऊक होतं ती तीस पावलं सरपटत आली. मोडलेल्या कण्याने. दर दिवाळीला माझ्यासमोर बसून फराळ केलात आणि एकदा, एकदाही तोंड उघडलं नाहीत?"

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मला वाटायचं, तुमची माझ्यावर माया आहे."

"आहे ना!" म्हातारा कळवळून म्हणाला. "पहिल्यांदा भीतीने आलो, कबूल करतो. तू कोणाला काही विचारतेस का, ते बघायला आलो. नंतर तू काका म्हणायला लागलीस. मग ती मायाच होती गं. तुला जे शिकवलं ते मी उगाच नाही शिकवलं. खाली बस, हात लाव. कुणासाठी शिकवत होतो वाटतं तुला?"

तिला ते खरं वाटलं, आणि म्हणूनच जास्त राग आला. या माणसाने तिच्या आईला मारलं नव्हतं. त्याने तिला आधीच मेलेली म्हणून लिहून टाकलं होतं. आणि मग तिची मुलगी घेऊन तिला इतका उत्तम पंचनामा लिहायला शिकवलं, की आज त्याची सुटका नव्हती.

"एक मागतो," काका म्हणाले. "माझं हृदय आता फार दिवसांचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. मी गेलो की मग लिहा काय लिहायचं ते. तोवर नमुना खराब म्हणून ठेव. इतकी वर्षं गेली, आणखी सहा महिने. तुझ्या आईला त्याने काय फरक पडतो?"

केतकीने खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली. आवाज आता शांत होता.

"मेलेल्या माणसाचा पंचनामा करतात, काका. जिवंत माणसाचा जबाब घेतात. तुम्ही माझ्या आईचा जबाब घ्यायचा होता. ती चार तास जिवंत होती, तिला सांगता आलं असतं, पाय घसरला की उडी मारली. ते आता कुठलंही यंत्र सांगणार नाही. तुम्ही अजून जिवंत आहात. तुमचा आज घेऊ."

समीनाने कोरे कागद काढले. काकांनी ते बघितले आणि त्यांचा हात सवयीने पुढे आला. पहिल्याच कोऱ्या पानाच्या तळाशी त्यांनी पेन टेकवलं आणि सहीची पहिली वेलांटी काढलीसुद्धा. केतकीने कागद खसकन ओढून घेतला, चुरगाळला आणि समीनाला दुसरा दिला.

"आधी सगळं लिहून होईल," ती म्हणाली. "मग समीना वाचून दाखवेल. मग सही. तुम्हीच शिकवलंत."

जबाब पूर्ण व्हायला दुपारचा एक वाजला. समीनाने तो शब्दन्‌शब्द वाचला. "तो धनगर कोण?" या प्रश्नावर काका म्हणाले होते, "त्याचं नाव लिहूनच घेतलं नव्हतं." तेही वाचलं. काकांनी सही केली. निघताना त्यांनी "केतकी बाळा" अशी हाक मारली. ती दारात थांबली, पण वळली नाही. तिला वळावंसं वाटलं होतं आणि त्याचीच तिला चीड आली. ती पायऱ्या उतरून गेली.

समीनाने कार्यालयात जाऊन यादी वर पाठवली. एकेचाळीस नंबरपुढे तिने आत्महत्या खोडून लिहिलं, मृत्यूचे कारण अनिश्चित, पुनर्तपास.

केतकी खाणीवर गेली. खाणीचा तळ आता गवताने भरला होता. ती वळसा घालून खाली उतरली आणि कड्याखालून पायवाटेपर्यंत चालत गेली. सदतीस पावलं भरली. पायवाट तिथून वर चढून थेट गावात जाते, शाळेच्या मागच्या फाटकाशी निघते. एप्रिलमध्ये शाळा सकाळची असायची, साडेअकराला सुटायची. त्या दिवशी फाटकाशी ती आईची वाट बघत किती वेळ उभी होती, हे तिला आठवलं. दुपारी मावशी येऊन तिला घेऊन गेली होती.

ती तिथेच खाली बसली आणि तिने मावशीला फोन लावला.

"मावशी, आईने उडी मारली की पाय घसरला, ते काही कळायचं नाही," ती म्हणाली. "पण ती लगेच गेली नव्हती गं. चार तास जिवंत होती. सरपटत पायवाटेपर्यंत आली होती. शाळेकडे येत होती, मावशी. मला घ्यायला येत होती."

केतकीला वाटलं फोन तुटला.

"मावशी? ऐकतेस ना?"

"ऐकतेय." मावशीने नाक ओढलं. मग कापऱ्या, पण रोजच्याच लगबगीच्या आवाजात ती म्हणाली, "तिचा फोटो माळ्यावर आहे. माझ्याने आता शिडी चढवत नाही. तू लवकर ये, आणि येताना हार आण."